निफाडचा माल, रॉटरडॅमच्या अटी

द्राक्षाचा एक रिफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर म्हणजे साधारण १३ टन माल. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातून असे कंटेनर न्हावा शेव्याला आणि तिथून युरोपात जातात. त्यांचे सौदे समोरासमोर बसून क्वचितच होतात. व्हॉट्सअॅपवर वाण, मण्याचा आकार, खोक्याचं वजन, भाव आणि लोडिंगचा आठवडा ठरतो, मग आयातदाराची परचेस ऑर्डर पीडीएफमध्ये येते. तिच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: या व्यवहाराला आमच्या सर्वसाधारण अटी लागू, अटी आमच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. ऐन हंगामात ती लिंक उघडायला सवड कुणाला असते? पुढे तिकडचा बाजार पडतो, क्लेमची मेल येते, आणि मग कळतं की माल निफाडचा असला तरी कायदा नेदरलँड्सचा, कोर्ट रॉटरडॅमचं आणि तक्रारीची रीतही त्यांचीच.

आपल्याकडे अजून प्रश्न विचारला जातो तो वेगळाच: व्हॉट्सअॅपवरचा सौदा कायद्यात टिकतो का? त्याचं उत्तर कधीच मिळालं आहे. टिकतो. खरा प्रश्न तो कुठल्या कायद्यात टिकतो, हा आहे. आणि तिथे भारताची भूमिका गेली कित्येक वर्षं बाहेर बसण्याची आहे. आंतरराष्ट्रीय विक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार आपण स्वीकारलेला नाही, इलेक्ट्रॉनिक संदेशांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा २००५ चा करार स्वीकारलेला नाही, आणि जहाजाच्या कागदांना इलेक्ट्रॉनिक रूप देणारा कायदाही केलेला नाही. बाहेर राहिलो म्हणजे मोकळे राहिलो, असा यामागचा समज दिसतो. नाशिकच्या निर्यातदाराच्या बाजूने पाहिलं तर हे मोकळेपण फक्त कागदावर आहे.

आधी मिटलेला भाग उरकून टाकू. आपला २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदाच मुळी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये केलेल्या नमुना कायद्यावर उभा आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम १०-अ आलं: सौदा इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. २०१० मध्ये त्रायमेक्स विरुद्ध वेदांत या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, औपचारिक करारावर सही झालेली नसतानाही, ईमेलच्या देवाणघेवाणीतून बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा पक्का झाल्याचं मान्य केलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात तर २०२१ मध्ये धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून खात्री मागितली, शेतकऱ्याने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला आणि माल दिला नाही. २०२३ मध्ये कोर्टाने त्या अंगठ्याला संमती मानून ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई लावली. सौद्याच्या ग्रुपवर सवयीने अंगठे टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता अडचणीचा भाग. सौद्यात कायद्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर युरोपीय संघातलं कोर्ट 'रोम एक' नियमावली पाहतं. तिच्या चौथ्या कलमाप्रमाणे मालाच्या विक्रीला विक्रेत्याच्या देशाचा कायदा लागतो, म्हणजे आपला. पण परचेस ऑर्डरच्या तळातल्या त्या ओळीने डच कायदा निवडला असेल, तर डच कायद्याचाच भाग म्हणून व्हिएन्ना करार सोबत येतो, तो मुद्दाम वगळलेला नसेल तर. भारत त्याचा सदस्य नाही याने काही फरक पडत नाही, कारण करारातच ती वाट ठेवलेली आहे: कायदा निवडीच्या नियमांनी सदस्य देशाचा कायदा लागत असेल तर करार लागू. नेदरलँड्स, जर्मनी, चीन, रशिया धरून ९० हून अधिक देश त्यात आहेत. म्हणजे करार आपल्याला लागायचा तेव्हा लागतोच, फक्त आपले वकील, बँका आणि निर्यातदार यांना त्याची ओळख नसते. आपली कोर्टंही तो रोज वापरत नाहीत, त्यामुळे त्याचा अर्थ बाहेरच ठरत राहतो.

त्यात गंमत अशी, की नाशवंत माल विकणाऱ्याला हा करार आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यापेक्षा पुष्कळ ठिकाणी सोयीचा आहे. आपल्या कायद्यात वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाशी जुळला नाही की मूलभूत शर्त मोडली, आणि खरेदीदार माल नाकारू शकतो. कलम ४३ तर म्हणतं, नाकारलेला माल परत पाठवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नाही, 'मी घेत नाही' एवढं कळवलं की पुरे. माल रॉटरडॅमच्या कोल्ड स्टोअरमध्ये, विकणारा निफाडला आणि देठ वाळत चाललेले. यापुढे भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको.

व्हिएन्ना करारात माल नाकारायचा तर विक्रेत्याकडून सौद्याचा मूळ हेतूच फसला पाहिजे. थोडी मणीगळ, दोन पॅलेटवर कूज, एवढ्यावर अख्खा कंटेनर नाकारता येत नाही. खरेदीदाराने शक्य तितक्या लवकर माल तपासायचा (कलम ३८) आणि वाजवी मुदतीत, दोष नेमका काय ते सांगून कळवायचं (कलम ३९). 'क्वालिटी प्रॉब्लेम, फोटो अटॅच्ड' अशी मेल या कसोटीला उतरणं कठीण. कुठला लॉट, कुठलं पॅलेट, कूज किती टक्के, हे लागतं. माल नाकारायचा असेल तरी ताब्यात आलेला माल त्याने सांभाळायचा, आणि झपाट्याने खराब होणारा असेल तर विकण्यासाठी वाजवी प्रयत्न करायचे (कलम ८६ आणि ८८). दूरच्या शेतमाल विक्रेत्याला याहून मोठा आधार आपल्या कायद्यात नाही.

लिंकमधल्या अटींबद्दलही तेच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००१ मध्ये एका यंत्राच्या विक्रीत, व्हिएन्ना कराराच्या आधारे, असं ठरवलं की ज्याला आपल्या छापील अटी लागू करायच्या आहेत त्याने त्या समोरच्याला पाठवल्या किंवा दुसऱ्या रीतीने उपलब्ध करून दिल्या पाहिजेत. समोरचा शोधून काढेल, असं म्हणता येत नाही. संकेतस्थळाची लिंक दिली की 'उपलब्ध' झालं का, यावर वाद आहे. पण वाद घालायला जागा आहे हेच आपल्या निर्यातदाराला सहसा कुणी सांगत नाही.

भारताने हा करार स्वीकारावा म्हटलं की दोन आक्षेप येतात. पहिला, कराराच्या कलम ५० चा. त्यात खरेदीदाराला दोषाच्या प्रमाणात किंमत स्वतः कमी करता येते. खरं आहे, आणि हे कलम विक्रेत्याच्या अंगावर येऊ शकतं. पण किंमत कापण्याचा प्रकार आजही होतोच, तोही कुठल्याच मोजमापाविना. कलम ५० ला निदान माप आहे: पोचलेल्या मालाची त्या वेळची किंमत आणि जसा हवा होता तशा मालाची त्या वेळची किंमत, यांचं गुणोत्तर. शिवाय कलम ६ प्रमाणे दोन्ही पक्षांना हा करार पूर्ण किंवा थोडा वगळता येतो. दुसरा आक्षेप असा की ब्रिटनही बाहेरच आहे. हो, पण जगभरचे व्यापारी आपणहून इंग्लिश कायदा निवडतात. भारतीय कायदा आपणहून निवडणारा रॉटरडॅमचा आयातदार अजून कुणी दाखवलेला नाही.

२००५ चा करार त्यामानाने साधा. मेल कधी पोचली, कुठून निघाली असं समजायचं, यंत्राशी सौदा करताना चुकून ५०० ऐवजी ५,००० खोकी टाकली आणि दुरुस्तीची सोयच नसेल तर तेवढा भाग मागे घेता येतो का, असे प्रश्न तो सोडवतो. त्याचं २० वं कलम महत्त्वाचं: ते व्हिएन्ना करार, परदेशी लवाद निवाड्यांचा १९५८ चा न्यूयॉर्क करार अशा जुन्या करारांतल्या 'लेखी'च्या अटी इलेक्ट्रॉनिक संदेशांनाही लागू करतं. श्रीलंका २०१५ मध्ये त्यात गेला, सिंगापूर त्याआधीच होता. आपल्या कायद्यात यातलं बरंच काही आहे, त्यामुळे सामील होण्याचा खर्च जवळपास नाही. न होण्याचं कारण मात्र कुणी नीट मांडलेलं ऐकिवात नाही.

बहुधा इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. जागतिक व्यापार संघटनेत इलेक्ट्रॉनिक प्रसारणावर सीमाशुल्क न लावण्याची तात्पुरती सवलत १९९८ मध्ये सुरू झाली. तिला भारताने वेळोवेळी विरोध केला, आणि तिथल्याच काही देशांनी जुलै २०२४ मध्ये तयार केलेल्या ई-कॉमर्स कराराच्या मसुद्यापासूनही भारत लांब राहिला. महसूल आणि धोरणाचं स्वातंत्र्य ही त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. पण व्हिएन्ना करार आणि २००५ चा करार हे दोन व्यापाऱ्यांमधल्या व्यवहाराचे नियम आहेत. त्यांनी एक रुपयाचा महसूल जात नाही, डेटा कुठे ठेवायचा याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. एका दाराला विरोध आहे म्हणून दुसरंही बंद ठेवण्यात काही हशील नाही.

सगळ्यात तातडीचा विषय मात्र बिल ऑफ लेडिंगचा. हा कागद म्हणजे मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरचा हक्क, तिन्ही एकात. सहसा तीन मूळ प्रती निघतात, आणि त्यातली एक हातात असल्याशिवाय जहाज कंपनी माल सोडत नाही. लासलगावचा कांदा घेऊन जहाज काही दिवसांत दुबईच्या जेबेल अली बंदराला पोचतं. कागद मात्र शिपिंग लाइनकडून निर्यातदाराकडे, तिथून त्याच्या बँकेत, तिथून कुरियरने दुबईच्या बँकेत, असा फिरत राहतो. कंटेनर बंदरात प्लगवर उभा, भाडं चढतंय, आयातदाराचे फोन चालू. मग निर्यातदार 'टेलेक्स रिलीज' देतो, म्हणजे मूळ प्रती इकडेच शिपिंग लाइनला परत करून तिकडे कागदाविना माल सोडायला सांगतो. पैसे आधी आले असतील तर ठीक. उधारीवर असेल तर मालावरची शेवटची पकड त्याच क्षणी सुटली.

हीच अडचण सोडवायला संयुक्त राष्ट्रांच्या त्याच आयोगाचा, २०१७ चा इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणीय कागदांचा नमुना कायदा आला. कागद 'हातात असणं' याच्या जागी त्याने नोंदीवर एकाच वेळी एकाचंच 'नियंत्रण' असणं ही कसोटी ठेवली. सिंगापूरने २०२१ मध्ये त्याप्रमाणे कायदा बदलला. ब्रिटनचा स्वतंत्र कायदा २० सप्टेंबर २०२३ ला अमलात आला. आपण २०२५ मध्ये १८५६ चा जुना कायदा रद्द करून नवा बिल ऑफ लेडिंग कायदा केला. संधी चालून आली होती. नव्या कायद्यात भाषा सोपी झाली, पण इलेक्ट्रॉनिक बिलावर कुणाचा ताबा कसा मानायचा, याची तरतूद आली नाही. आज खासगी प्लॅटफॉर्मवर इलेक्ट्रॉनिक बिलं चालतात ती मुख्यतः सदस्यांच्या आपसातल्या नियमांवर. सदस्य नसलेला कुणी मध्ये आला, एखादी बँक बुडाली किंवा कोर्टाची जप्ती आली, की ते नियम त्याला बांधत नाहीत.

येवल्याच्या पैठणीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. लंडन किंवा म्युनिकच्या ग्राहकाला स्वतःच्या नेसण्यासाठी विकलेली साडी हा ग्राहक व्यवहार. वरचे दोन्ही करार तो सोडून देतात. तिथे ग्राहकाच्या देशाचा कायदा येतो, जर विक्रेत्याने आपला व्यवसाय त्या देशाकडे वळवला असेल तर. वळवला की नाही हे युरोपीय न्यायालय खुणांवरून पाहतं: भाव युरोत दाखवले का, फोन नंबरला देशाचा कोड आहे का, भाषा कुठली, डोमेन कुठलं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही ग्राहकाला माल मिळाल्यापासून १४ दिवस कारण न देता परत करण्याचा हक्क आहे. हा हक्क आधी सांगितला नाही तर युरोपात ती मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबते. मात्र ग्राहकाच्या मागणीप्रमाणे रंग, काठ, पदर ठरवून मागावर विणलेली साडी यातून सुटते. तयार साठ्यातली सुटत नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच 'ग्राहकाच्या निवडीनुसार विणलेली' की 'तयार' हे लिहून घ्यावं, आणि ग्राहकाने निवडलेल्या रंगांचा मेसेज जपून ठेवावा.

दिल्ली हलेपर्यंत सौद्याच्या मेसेजमध्ये काही ओळी घालणं निर्यातदाराच्या हातात आहे. भाव पक्का झाला की त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवरून पुष्टी पाठवावी आणि स्वतःच्या अटींचं एक पान लिंक न देता सोबत जोडावं. त्यात पहिली अट क्लेमची: माल पोचल्यापासून अमुक तासांत, लॉट आणि पॅलेट नंबरसह, दोघांना मान्य सर्व्हेअरच्या अहवालानिशी. आपल्या बाजूने लोडिंगच्या वेळचं गराचं तापमान, कंटेनरमधल्या तापमान नोंदणी यंत्राचा नंबर आणि फोटो तयार हवेत, नाहीतर प्रवासात बिघडलं की पॅकहाऊसमधून निघतानाच बिघडलेलं होतं हा वाद कधी संपत नाही. दुसरी अट, क्लेम आणि नोटीस कुठल्या एकाच ईमेलवर यावी ती. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे असा पत्ता ठरवलेला असेल तर दुसरीकडे पाठवलेली मेल उघडली जाईपर्यंत पोचली असं मानत नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर आलेली नोटीस मग गळ्यात पडत नाही. बँक खातं बदलल्याची सूचना फोनवर खात्री केल्याशिवाय ग्राह्य नाही, हेही त्याच ओळीत.

कांद्याला आणखी एक अट हवीच, निर्यातबंदीची. 'सरकारने बंदी घातली, आमच्या हातात काय होतं' हा बचाव व्हिएन्ना कराराच्या कलम ७९ मध्ये बसतो, पण अडथळा आधी ओळखता येण्याजोगा नसेल तर. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३: तीनदा कांदा निर्यातबंदी आल्यावर कोलंबोचा वकील म्हणणारच, की हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून बंदी, निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्य यांची नावं घेऊन अट लिहायची, आणि आधी घेतलेल्या अॅडव्हान्सचं काय करायचं तेही.

शेवटची अट लवादाची. भारतीय कोर्टाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये सरळ वसूल होत नाही. परस्पर मान्यता असलेल्या प्रदेशांच्या आपल्या यादीत ब्रिटन, सिंगापूर, अमिराती आहेत, नेदरलँड्स आणि जर्मनी नाहीत. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क कराराने १७० च्या आसपास देशांत चालतो. लवादाची अट ईमेलमध्ये असली तरी आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ७ ती लेखी मानतं. सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या २०२५ च्या नियमांत दहा लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वादांसाठी तीन महिन्यांत निवाड्याची जलद पद्धत आहे, आणि मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. तरी एका कंटेनरच्या काही लाखांच्या क्लेमसाठी यातलं काहीच परवडत नाही, हे मान्य करायला हवं. लहान वादात क्लेमची अटच कामाला येते. लवाद लागतो तो हंगामभराचं येणं अडकलं तर.

पुरावा मोबाईलवर ठेवून भागत नाही. गायब होणारे मेसेज बंद ठेवा, हंगाम संपला की चॅट एक्स्पोर्ट करून त्याची हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काढून ठेवा. जालन्याच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश त्यात लिहावी लागते.

हे एकेका निर्यातदाराने करण्यापेक्षा द्राक्ष आणि कांदा निर्यातदारांच्या संघटनांनी नाशिकमध्येच अटींचं एक सामाईक पान तयार करावं आणि ते वापरल्याशिवाय कुणी लोडिंग करू नये, असं ठरवावं. एकट्याने अट घातली तर आयातदार शेजारच्या पॅकहाऊसकडे जातो. सगळ्यांनी घातली तर जायला जागा राहत नाही. दिल्लीकडे मागणीही याच संघटनांनी न्यावी, आणि ती तीन ठिकाणी न्यावी लागेल: बिल ऑफ लेडिंग जहाज मंत्रालयाकडे, माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे, व्हिएन्ना करार वाणिज्य आणि विधी मंत्रालयांकडे. नव्या बिल ऑफ लेडिंग कायद्यात केंद्राला निर्देश देण्याचा अधिकार आहे, त्यातून सुरुवात होईल असं कुणी म्हणेल. पण इलेक्ट्रॉनिक नोंदीवरचा ताबा कोर्टात टिकवायचा तर निर्देश पुरणार नाही, दुरुस्ती विधेयकच आणावं लागेल.